पौषातली वजनं

हातगाडीवर मटारची हिरवी रास दिसली, की भिलाईत थंडी पक्की बसली असं आम्ही बायका समजतो. परवा सकाळी गाडी आमच्या कॅम्प-१ च्या गल्लीत आली. मटारवाल्यानं बॅटरीच्या काट्यावर पिशवी ठेवली आणि काट्याचा लाल आकडा थरथरायला लागला. वर जाई, खाली येई. तो थांबायच्या आधीच गडी म्हणाला, "हो गे दाई, आधा किलो." झालं म्हणे आई, अर्धा किलो. मी म्हटलं, "अरे बापा, आकडा थांबू तर दे!" तर हसून म्हणतो कसा, "जाड़ म मशीन घलो काँपत हे, दाई." थंडीत मशीनसुद्धा कापतं म्हणे! गल्लीतल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण घरी येऊन उन्हात मटार सोलायला बसले आणि थोड्या वेळानं सून म्हणते, "आई, काय करून राहिल्या तुमी? सालं पातेल्यात अन् दाणे कचऱ्यात!"

हलता आकडा दिसला की माझं असं होतं. सात-आठ वर्षं झाली, तरी होतं. उन्हाळ्यात दिसला तर एवढं नाही. पण सकाळचं ते पातळ ऊन असावं, अंगावर स्वेटर असावा, पोलादाच्या प्लांटकडून येणारा धूर थंडीनं खालीच अडकून बसलेला असावा, आणि त्यात तो आकडा. मग मी मटार सोलत नसते. मी त्या खोलीत असते.

ती खोली एका खाजगी कॉलेजच्या मागे होती. औषधं कशी बनवायची ते शिकवतात, तसलं कॉलेज. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. सगळे त्या खोलीला ॲनिमल हाऊस म्हणत. मी मनातल्या मनात पाळणाघर म्हणायची. आमचे हे प्लांटमधून रिटायर झाले, मुलं आपापल्या मार्गाला लागली, मग दिवसभर घरात बसून मी काय करू? शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं प्लांटच्या वसाहतीतल्या, म्हणजे सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या कपाटातली पुस्तकं आणून आणून शिकले. इंग्रजी अक्षरं तर नातवाच्या अंकलिपीतून शिकले. त्या जोरावर मी तिथे लागले. पिंजरे धुवायचे, खालचं धानाचं तूस बदलायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, दाणा घालायचा. पांढरे उंदीर, लाल डोळे. पहिले आठ दिवस मला त्यांची किळस आली. नवव्या दिवशी एका मादीनं माझ्या हातावर बसून आपलं तोंड धुतलं, दोन्ही पंजांनी, अगदी शाळेत जायच्या पोरीसारखं. तेव्हापासून किळस गेली ती गेलीच.

आमच्या ह्यांना मात्र ते काही पटेना. घरात मी उंदरासाठी पिंजरा लावायची, चपातीचा तुकडा अडकवून. सकाळी सापडलेला उंदीर हे नाल्यापलीकडे सोडून यायचे. "कावून वं," एकदा रिकामा पिंजरा हलवत म्हणाले, "घरच्या उंदराले हाकलून राहिली अन् तिकडच्याले बाटलीनं पाणी पाजून राहिली. हा कोणता न्याय हाय?"

"थ्या उंदराइले शिक्षण हाय," मी म्हटलं.

"मंग आपल्या उंदराचीही ॲडमिशन कर ना तिकडं!"

तर त्या पौषात तिथे एक परीक्षा सुरू झाली. परीक्षा एका पांढऱ्या पुडीची होती. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत पाठ झालं नाही. लहान मुलांसाठी डब्यात तयार खीर मिळते ना, पाण्यात कालवली की झाली, तिच्यात ही पूड घातली तर गुठळ्या होत नाहीत आणि खीर जास्त दिवस टिकते, असं ती बनवणाऱ्यांचं म्हणणं. पण लेकरांच्या पोटात जाणारी वस्तू, ती आधी तपासायला हवी. मोठ्या उंदरांना सोसली होती म्हणे. पण मोठ्याला सोसलेलं वाढत्या अंगाला सोसेलच असं नाही, हे कोणतीही आई सांगेल. म्हणून नुकतंच आईचं दूध सुटलेली पिल्लं घेतली. एकवीस दिवसांची. आईजवळून उचलून वेगळी ठेवली, तो पहिला दिवस मला आठवतो. पिल्लं तुसात तोंड खुपसून काहीतरी शोधत होती, आणि पलीकडच्या पिंजऱ्यातल्या माद्या जाळीवर उभ्या राहून हवा हुंगत होत्या.

पिल्लांच्या तीन रांगा केल्या. पिंजऱ्यांना कार्डं लावली. पांढरं कार्ड असेल त्यांना साधा दाणा, पूड नाही. पिवळं कार्ड, त्यांना थोडी पूड. लाल कार्ड, त्यांना भरपूर. दाणा दळून, पूड मिसळून, भिजवून, त्याचे मुटके वळून वाळवायचे, हे काम माझ्याकडे. सगळ्यात आधी पांढऱ्या कार्डाचा गोळा मळायचा, मग पिवळ्याचा, मग लाल. मध्ये हात साबणानं धुवायचे. मळताना लाल कार्डाचा गोळा जरा जास्त मऊ लागायचा. एवढाच फरक. वास नाही, रंग नाही. माझ्याच हातचे मुटके, आणि पिल्लं ते पुढच्या दोन पायांत धरून कुरतडायची.

ही सगळी परीक्षा पल्लवीची. सेक्टरात राहणाऱ्या एका साहेबांची मुलगी, मराठी घरची, पण बोलता बोलता हिंदीच्या रुळावर जाणारी. मोठ्या डिग्रीसाठी प्रबंध लिहीत होती. गुणी पोर. फक्त उंदरांच्या केसांनी तिला शिंका यायच्या, डोळे सुजायचे. म्हणून ती तोंडाला फडकं बांधून खिडकीजवळच्या स्टुलावर रजिस्टर घेऊन बसायची, आणि मी टेबलापाशी काट्याजवळ. रोज सकाळी प्रत्येक पिल्लाचं वजन करायचं. मी आकडा वाचायचा, तिनं लिहायचा. पूड वाईट असेल तर ते सगळ्यात आधी वाढीत दिसणार. वाढ खुंटेल, वजन मागे पडेल. "म्हणून काकू, वजन हेच सगळं आहे," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आता त्या काट्याचं सांगते. मोठ्या ठिकाणी म्हणे असा काटा असतो की हलणाऱ्या जिवाचं वजन तो आपला आपण ठरवून एकच आकडा दाखवतो. आमच्याकडे साधा होता. स्टीलची वाटी ठेवायची, शून्य करायचं, वाटीत पिल्लू सोडायचं. पिल्लू काय शहाण्यासारखं बसतं का? ते कडेवर चढतं, मागे वळतं, शेपटी बाहेर टाकतं. आकडा नुसता नाचतो. एकेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस.

"काकू, लाल कार्ड, दुसरा पिंजरा, शेपटीवर एक रेघवाला. बोला!"

"थांब वं माय, नाचून राहिलं हे."

"जल्दी ना काकू, मला क्लास आहे. फिर ये सब लेट हो जाएगा."

"चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस. नेक्स्ट."

हे असं रोज, चोवीस पिल्लांचं.

इथे मला माझ्या सासूबाईंबद्दल बोललं पाहिजे. गोंदियाकडच्या धानशेतीतून त्या इथे आल्या, सासरे प्लांटमध्ये लागले तेव्हा. माझं पहिलं लेकरू झालं, गुटगुटीत झालं, आणि मी शेजारणीला कौतुकानं म्हटलं, बघा कसं भरलंय! तर सासूबाईंनी मला आत बोलावून झापलं. "लेकरू भरलं असं तोंडानं म्हणू नाही वं. कोणाचा डोया कसा, काय सांगावं? कोणी इचारलंच तर म्हणावं, कुठचं काय, खातच नाही."

"अन् रोडकं असलं तर?"

"तर भरलं म्हणावं. म्हणता म्हणता भरते."

हसू नका. तुमच्याही घरात कोणी ना कोणी असं म्हणतच असेल. मी तिन्ही लेकरं अशीच वाढवली. दवाखान्यातली नर्स झोळीत घालून वजन करायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची, तेव्हा मी पदर आडवा धरायची, जणू आकडा कोणाच्या डोळ्यांना दिसू नये. धाकटा सुधीर रोडका होता. गल्लीत कोणी विचारलं की मी म्हणायची, भरला हो आता, मागच्या महिन्यापेक्षा भरला. म्हणता म्हणता माझा मलाच विश्वास बसला. शेवटी माझा भाऊ गावाहून आला, त्यानं पोराला उचललं आणि म्हणाला, "ताई, हे लेकरू आहे का कापसाची पिशवी?" तेव्हा कुठे दवाखाना झाला. पोटात जंत होते, अंगात रक्त नव्हतं. सुधीर वाचला, आता रायपूरला दोन पोरांचा बाप आहे. पण मी त्यातून काही शिकले का? काही नाही. मी भावावरच रागावले होते, माझ्या लेकराला कापसाची पिशवी म्हटलं म्हणून.

तीच जीभ घेऊन मी त्या काट्यापाशी बसले होते.

खोटं बोलावं असं माझ्या मनात एक दिवसही आलं नाही. देवाशपथ सांगते. मी बोललेला प्रत्येक आकडा काट्यानं दाखवलेला असायचा. पण काटा मला चार आकडे दाखवायचा आणि मी त्यातला एक उचलायची. पांढऱ्या कार्डाचं पिल्लू, चांगलं टम्म, पाठीवर चकाकी, त्याचा आकडा सांगताना आपोआप खालचा तोंडात यायचा. उगाच नजर नको. आणि लाल कार्डाचं पिल्लू वाटीत पाय पसरून बसलं, कान पातळ, मानेपाशी कातडी सैल, की मी वरचा आकडा येईपर्यंत वाट बघायची. आला की पटकन बोलायची. त्याला ऐकू जाईल असं बोलायची. भर बाबा, भर.

पल्लवी खिडकीशी शिंकत शिंकत लिहून घ्यायची.

आणि गंमत बघा, बाकी सगळ्यात मी इतकी काटेकोर होते! पल्लवीनं सांगितलं होतं, बाहेरचा एक कण पोटात जाता कामा नये. मग एक कण गेला नाही. संक्रांतीला शेजारच्या पोराचं बोरन्हाण होतं. बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलव्याचे दागिने. तिथून निघताना मूठभर चुरमुरे मी पदरात बांधले. मनात होतं, ही पण लेकरंच, त्यांनाही चार दाणे टाकू. त्या रांगांपुढे उभी राहिले. पिल्लं माझ्या पावलाच्या आवाजानं जाळीशी गोळा झाली, नाकं वर, मिशा थरथरताहेत. मी पदराची गाठ सोडली. मग पुन्हा बांधली. बाहेर नळापाशी येऊन ते चुरमुरे मीच खाल्ले. दिवसभर मला स्वतःचा अभिमान वाटला. पल्लवीचा विश्वास मोडला नाही म्हणून.

दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या तळहाताला कळायला लागलं होतं. पांढऱ्या कार्डाचं पिल्लू उचललं की हातात गरम बटाटा घेतल्यासारखं वाटायचं. लाल कार्डाचं उचललं की आतली हाडं लागायची, शेवग्याच्या शेंगेतल्या बियांसारखी एकेक मोजता येईल अशी. हात सांगत होता आणि मी हाताचं ऐकत नव्हते. एकदा पल्लवीच म्हणाली, "काकू, लालवाले मला जरा बारीक दिसतात, नाही? नजरेनं."

"नजरेनं नको पाहू तू," मी म्हटलं. "वजन बघ ना. बरोबर तर आहे."

हे वाक्य मी म्हटलं होतं, हे मला विसरता येत नाही. बाकीचं सगळं एक वेळ अजाणता झालं म्हणेन. हे वाक्य कुठे ठेवू?

माघ संपत आला तशी परीक्षाही संपली. शेवटच्या दिवसाला त्या लोकांत एक इंग्रजी शब्द होता, सॅक्रिफाइस. यज्ञात द्यावा तसा बळी. पिल्लं आता पिल्लं राहिली नव्हती, चांगली वाढली होती, पण मला पिल्लंच. आत दुसऱ्या खोलीत पल्लवीचे सर आणि त्यांचे मदतनीस थांबले होते. पिल्लं माझ्या हाताला सरावलेली, दुसऱ्यानं धरलं की चावायची, म्हणून एकेकाला उचलून मीच आणून द्यायचं ठरलं. देण्याआधी शेवटचं वजन. त्या दिवशी पिल्लं फार हलली नाहीत, माझ्या हातात निजल्यासारखी यायची. पण वाटीत ठेवल्यावरही माझाच हात त्यांच्या पाठीवरून निघेना, वाटीला लागत होता, आकडा उड्या मारत होता. त्या दिवशी मी अगदी सैल हातानं वाटलं. लाल कार्डाच्या एकेका जिवाला मी दिसेल तेवढा मोठा आकडा दिला. दुसरं द्यायला माझ्याजवळ काय होतं?

चोवीस फेऱ्या. नंतर रिकाम्या पिंजऱ्यांतलं तूस मी काढलं तेव्हा ते अजून कोमट होतं.

महिन्याभरानं पल्लवी पळत पळत आली. हातात बालुशाहीचा डबा आणि एक मोठा कागद. कागदावर तीन रेषा, पांढऱ्याची, पिवळ्याची, लालची. तिन्ही एकमेकींना चिकटून वर गेलेल्या, जणू तीन बहिणी हात धरून चालल्यात. "काकू, देखो ना! काहीच फरक नाही. सर म्हणाले, वाढीवर परिणाम शून्य. पूड सेफ आहे!" तिनं मला मिठी मारली. बालुशाहीचा अख्खा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

त्या रेषा बघितल्या आणि मला सगळं कळलं. एकदम. मी इतकी अडाणी नाही हो. सैल कातडीची, हाडं लागणारी ती लेकरं आणि टम्म फुगलेली ती लेकरं एका रेषेवर कशी येतील? ती मी आणली होती. पांढऱ्यांचं थोडं काढून, लालांना थोडं घालून. तोंडात बालुशाही होती. मी ती गिळली. गिळल्यावर बोलता आलं असतं. पण पल्लवीचं लग्न ठरत होतं, प्रबंध बांधायला जाणार होता, तिची आई मला साडी देणार होती, आणि मला भीती वाटली. ही शेवटची गोष्ट खरी, बाकीच्या मी तिच्याभोवती गुंडाळते.

पुढे ते काम पूड बनवणाऱ्यांकडे, ज्यांनी ते करायला दिलं होतं त्यांच्याकडे गेलं. त्याचं त्यांनी काय केलं, पूड खिरीत पडली का, खीर कोणाच्या घरी शिजली, मला काही माहीत नाही. मी नोकरी सोडली. किराणा दुकानात गेले की मात्र माझा हात आपोआप लहान मुलांच्या डब्यांकडे जातो. चष्मा कपाळावरून खाली ओढून मी मागची बारीक अक्षरं लावत बसते. दुकानदार म्हणतो, "अम्मा, एग्जाम है क्या? घर ले जाके पढ़ो." ते नाव मला कधी सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटत नाही, कारण नाव मला नीट पाठच नव्हतं.

पल्लवी आता दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवते. ह्या पौषात माहेरी आली होती, तर आठवणीनं मला भेटायला आली, कडेवर सात महिन्यांची मुलगी घेऊन. सई तिचं नाव. टोपरं, मोजे, दोन स्वेटर, वर शाल, लेकरू सापडेना कपड्यांत. परवा मटारवाला येऊन गेला, त्याच दिवशीची दुपार. अंगणात उन्हात आम्ही बसलो. सुनेनं चहा आणला.

"काकू, घ्या ना हिला," पल्लवी म्हणाली. "आणि सांगा, भरली का थोडी? सासूबाई म्हणतात भरली. मम्मी पण म्हणते, पहले से अच्छी दिख रही है."

मी सईला घेतलं. शाल काढली, वरचा स्वेटर काढला, दोन्ही काखांत हात घालून उचललं. लेकरू हसलं माझ्याकडे बघून. माझ्या तोंडात ‘भरली हो’ तयार होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"नाही भरली," मी म्हटलं. "हलकी आहे वं पोरी. सात महिन्यांचं लेकरू असं हाताला लागत नाही. डॉक्टरले दाखव. आजच दाखव."

पल्लवीचा चेहरा पडला. सून आतून म्हणाली, "आई, कायले असं बोलता?" पल्लवी म्हणाली, "काकू, असं कुणी तोंडावर म्हणतं का?"

"कोणी म्हणत नाही," मी म्हटलं, "मीही म्हणत नव्हते. म्हणून तुला एक सांगायचं आहे."

आणि मी सांगितलं. काटा, आकडे, सासूबाई, नजर, सगळं. सई माझ्या मांडीवर, तिची बोटं माझ्या बांगड्यांत अडकलेली. पल्लवीनं हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली,

"म्हणजे लाल कार्डवाले..."

"हलके होते."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाताला माहीत होतं."

"हात म्हणजे तुम्हीच ना काकू!" तिचा आवाज फाटला. "मी तुम्हाला विचारलं होतं. मैंने पूछा था आपसे! बारीक दिसतात म्हटलं होतं मी."

तिनं सईला माझ्या मांडीवरून उचललं, शाल गुंडाळली आणि निघून गेली. चहावर साय धरली. मी तो कप किती तरी वेळ उचलला नाही.

संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. सुनेनं सांगितलं असणार. प्लांटच्या बाजूचं आकाश तांबडं झालं होतं, रोज होतं तसं. म्हणाले, "उंदरासाठी रडून राहिली का थ्या पोरीसाठी?"

"दोघांसाठी. अन् ज्या लेकराइचं तोंड मी पाह्यलं नाही, त्यायच्यासाठीही."

हे उठले, आतून माझी शाल आणली आणि खांद्यावर टाकली.

ते दोन दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. दया केली, दया केली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. पण कोणावर? त्या लाल कार्डाच्या पिल्लांना माझ्या चार आकड्यांनी एक घास जास्त मिळाला नाही, एक दिवस जास्त मिळाला नाही. ती रोडावत होती ते सांगण्यासाठीच तर त्यांना तिथे ठेवलं होतं, तेवढ्यासाठीच ती मेली. जी एकच गोष्ट त्यांच्या अंगानं सांगितली असती, ती मी त्यांना सांगू दिली नाही. त्यांचा जीवही गेला आणि साक्षही गेली.

आज पल्लवी परत आली. एकटी. आल्या आल्या म्हणाली, "सईला दाखवलं. अंगात रक्त कमी आहे. औषध सुरू केलंय." मी तिला पाट दिला. मग तिनं पिशवीतून कोरे कागद काढले आणि पाटावर बसली, पूर्वी स्टुलावर बसायची तशीच ताठ.

"काकू, मला लिहून कळवावं लागेल. सरांना, आणि ज्यांनी काम दिलं होतं त्यांना. की ही वजनं बरोबर नाहीत."

"तुझी डिग्री वं?"

"ते नंतर बघू. आधी हे." तिचे डोळे सुजले होते, आणि इथे तर उंदीर नव्हते. "फक्त मला एक सांगा. वाढवून सांगितलं ते किती? एक ग्रॅम की दोन? रोज, की कधी कधी? सगळ्यांना सारखं की नाही? एक अंदाज मिळाला ना, तर मी तेवढं वजा करून बघीन, खरी रेषा निघते का."

मी आठवायला लागले. डोळे मिटून एकेक पिंजरा समोर आणला. शेपटीवरच्या रेघा आठवल्या, कान आठवले, कोण वाटीत कसं बसायचं ते आठवलं. कोणाचे पाठीवरचे केस विरळ झाले होते तेही आठवलं. आकडा एकही आठवला नाही. पल्लवी पेन धरून वाट बघत होती, आणि मला तिला काहीतरी द्यायचं होतं. दोन ग्रॅम म्हणून टाकावं, असं मनात आलं. तिला बरं वाटलं असतं.

"मोजून नाही वं दिलं," मी म्हटलं. "ज्या दिवशी जास्त वाईट वाटे, त्या दिवशी जास्त."

पल्लवीनं मग मान खाली घातली आणि मी बोलले तसंच, शब्दाला शब्द, लिहून घेतलं. कागद माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि खाली सही केली.